अजून एकच चॅप्टर ना!

दर महिन्याच्या पत्रांत 'मूल वाचतच नाही' ही तक्रार ठरलेली असते. या वेळी मात्र चार पत्रं अशी आली की मूल ऐकायला तयार, वाचून दाखवणारा माणूसही तयार, आणि गाडी अडलीये फक्त पुस्तकापाशी. म्हणून चारही एकत्रच घेतली.

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे, इंग्लिश मीडियमला जाते, घरी आम्ही मराठीच बोलतो. रात्री झोपताना मी तिला वाचून दाखवते. मी चांदोबावर वाढले, ते विक्रम-वेताळ वगैरे सगळं सांगून संपलं, आता तिला मोठ्ठी गोष्ट पाहिजे, रोज थोडी थोडी पुढे जाणारी आणि जादूची. हौसेने हॅरी पॉटर आणलं तर तिसऱ्या दिवशी म्हणाली आई हे बंद कर. निम्मं मला तोंडी मराठी करत बसावं लागतं, त्यात मलाच डुलकी लागते. शिवाय जरा भीतीचं काही आलं की रात्रभर लाइट चालू. हल्लीच्या फॅन्टसी सिरीज सुचवाल का? आणि प्लीज नुसती यादी नको, याद्या नेटवर ढीगभर पडल्यात. – एक आई, कोथरूड

उत्तर : आधी हॅरी पॉटरचं मिटवू, कारण हेच पत्र मला दर दोन-तीन महिन्यांनी येतं आणि प्रत्येकीला वाटतं आपलंच पोर कंटाळलं. अहो, पहिला चॅप्टर काढून बघा. ड्रिल बनवणाऱ्या कंपनीतला एक चिडका जाडा माणूस ऑफिसला जातो, रस्त्यात त्याला विचित्र कपड्यांतली माणसं दिसतात, घुबडं दिसतात, तो घरी येऊन गप्प बसतो, आणि ज्याच्या नावाचं पुस्तक आहे तो पोरगा शेवटी शेवटी येतो तोही दुपट्यात गुंडाळलेला आणि गाढ झोपलेला. आपल्याला यात मजा येते, साडेसात वर्षांच्या मुलीला त्या ड्रिलचं काय कौतुक! पहिल्या भागात १७ चॅप्टर आहेत, एकेक मोठ्याने वाचायला धरून चला अर्धा तास, त्यात तुम्ही तोंडी मराठी करणार म्हणजे पाऊण तास. ऑफिस, डबे, होमवर्क झाल्यावर पाऊण तास बोलायचं म्हटलं तर डुलकी लागणारच ना. पुस्तक कपाटात ठेवून द्या, दोन वर्षांनी काढा.

पुस्तकाच्या पाठीवर ७ ते ९, ९ ते १२ असं वय छापलेलं असतं ना, ते मूल स्वतः वाचणार असं धरून असतं. ऐकताना मुलांना त्याच्या बरंच पुढचं कळतं. त्यामुळे वाचून दाखवायला पुस्तक घेताना मी वय शेवटी बघते, आधी बघते चॅप्टर केवढा आहे, आणि मग वाक्य माझ्या तोंडात बसतंय का ते. दुकानात उभं राहून मधलंच कुठलंतरी एक पान पुटपुटत वाचायचं, लोक बघतात, बघू देत. एका पानात तीनदा अडखळलात तर पुस्तक परत ठेवा, ते डोळ्यांनी वाचायचं आहे. ऑनलाइन घेणार असाल तर सॅम्पलची पानं असतात त्यांच्यावर हेच करा.

तुमच्या मुलीसाठी मी सुरुवात अगदी बारक्या पुस्तकापासून करेन, 'द प्रिन्सेस इन ब्लॅक'. शॅनन आणि डीन हेल या नवरा-बायकोने लिहिलंय, २०१४ पासून चालू आहे. गुलाबी फ्रॉकातली राजकन्या मॅग्नोलिया पाहुण्यांशी गोड गोड बोलत हॉट चॉकलेट पीत बसलेली असते, तेवढ्यात अलार्म वाजतो की जमिनीतल्या भोकातून मॉन्स्टर वर आला शेळ्या खायला, की ही काहीतरी थाप मारून पळते, काळे कपडे चढवते आणि जाऊन त्याला बदडते. तिचा युनिकॉर्नही युनिकॉर्न नाहीच, शिंग काढलं की साधं काळं तट्टू. अख्खं पुस्तक पंधरा-वीस मिनिटांत संपतं आणि भीती शून्य, कारण मॉन्स्टरच जास्त घाबरट आहेत. दोन-तीन भागांत तिला सिरीजची गंमत कळेल, म्हणजे माणसं तीच, गाव तेच, आणि आज काय झालं.

त्याच्यावरची पायरी 'ड्रॅगन मास्टर्स', ट्रेसी वेस्टची. वीसहून जास्त भाग झालेत. ड्रेक नावाचा ८ वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा कांद्याच्या शेतात राबत असतो आणि राजाचे शिपाई येऊन त्याला उचलून किल्ल्यावर नेतात, का तर एका जादूच्या दगडाने निवडलंय की हा ड्रॅगन सांभाळणार. (हे मी एका लासलगावच्या मैत्रिणीच्या मुलाला वाचून दाखवलं तर त्याचा पहिला प्रश्न, मग कांदे कोण काढणार?) प्रत्येक पानावर चित्र, नव्वदेक पानांचं पुस्तक. खरं सांगायचं तर भाषा बेतास बात आहे, पाचव्या-सहाव्या भागानंतर मोठ्या माणसाला तोचतोचपणा येतो, पण मुलांना नेमका तोच तर पाहिजे असतो. तुम्ही पहिले चार वाचा, पुढचे ती स्वतः वाचेल.

आणि मग माझं सगळ्यात लाडकं, पीटर ब्राउनचं 'द वाइल्ड रोबॉट', पहिला भाग २०१६चा. म्हणाल यात फॅन्टसी कुठे, रोबॉट आहे, पण प्राणी बोलतात, ती रोबॉट त्यांची भाषा शिकते, मला तेवढं पुरतं. वादळात मालवाहू जहाज बुडतं, खोकी वाहत एका बेटावर येतात, एक सोडून बाकी सगळी फुटतात, आणि त्या एकातल्या रोबॉटचं बटण समुद्रातली ऊदमांजरं खेळता खेळता चुकून दाबतात. इथून पुढे रॉझ त्या निर्जन बेटावर राहायला शिकते. चित्रंही लेखकाचीच. पण वाचून दाखवणाऱ्यासाठी खरी लॉटरी अशी की पुस्तकात ८० चॅप्टर आहेत, ऐंशी! दोन-दोन तीन-तीन पानांचे. ज्या दिवशी दमलात त्या दिवशी एक, शनिवारी सहा. 'अजून एकच चॅप्टर ना' म्हटल्यावर बिनधास्त हो म्हणता येतं असं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. वाक्यंही छोटी, तोंडी मराठी करायला एकदम सोपी. एकच गोष्ट आधी सांगून ठेवते, सुरुवातीलाच रॉझ कड्यावरून घसरते आणि बदकाच्या, म्हणजे रानहंसाच्या म्हणा, घरट्यावर पडते, एक अंडं तेवढं वाचतं आणि त्या पिल्लाची मग ती आई होते. ते मरण एका ओळीत येतं पण मुलं तिथे थांबतात. थांबू द्या. माझी भाची तेव्हा काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी रिक्षात अचानक म्हणाली, तिने मुद्दाम नव्हतं ना केलं.

भीतीचं म्हणाल तर एक साधी युक्ती आहे. या सिरीजवाल्यांनी चॅप्टर मुद्दाम ऐन मोक्याच्या क्षणी तोडलेला असतो, दार उघडलं आणि... संपलं! तिथे पुस्तक मिटलं की पोर रात्रभर त्या दारापाशी उभं. म्हणून मी चॅप्टरच्या शेवटाला थांबतच नाही, पुढच्या चॅप्टरची दोन पानं वाचते, दारामागे कोण आहे ते कळतं, सगळे जरा चहापाण्याला बसतात, तिथे थांबायचं. आणि पुढे लढाई येणार असं दिसलं तर तो भाग रविवारी दुपारी. यासाठी तुम्ही एक दिवस पुढे वाचून ठेवलेलं पाहिजे, तेवढं मात्र करावं लागतं. सशांच्या चित्रावर भुलू नका, किरन लारवुडचं 'पॉडकिन वन-इअर' (२०१६) फार सुरेख आहे, म्हातारा गोष्टसांग्या थंडीच्या रात्री बिळात शेकोटीपाशी बसून सांगतोय अशी मांडणी, म्हणजे वाचून दाखवायलाच लिहिलेलं, पण त्यातले लोखंडी चिलखतवाले ससे मला स्वतःला झोपू देईनात. ते अजून वर्षभर नको.

आता तोंडी मराठी. वाक्याला वाक्य भाषांतर करायला जाल तर दहा मिनिटांत थकाल आणि भाषाही 'त्याने असे केले की जेणेकरून' अशी होईल. त्यापेक्षा परिच्छेद डोळ्यांनी वाचा आणि मान वर करून सांगा. संवाद, नावं, मंत्र आहेत तसे इंग्लिशमध्ये ठेवा. आपले कीर्तनकार वेगळं काय करतात, अभंग म्हणायचा आणि मग आपल्या बोलीत निरूपण. कोण म्हणत नाही की हे काय भाषांतर नीट नाही. आणि आवाज काढताना जपून, हा अनुभवाचा सल्ला आहे. मी एका बाईंना हौसेने घोगरा चिरका आवाज दिला, मला वाटलं दोन पानांची पाहुणी आहे, ती निघाली तिन्ही भागांत प्रमुख. घसा बसला माझा, आणि साधा आवाज काढला की भाची म्हणायची ही ती नाहीचे.

पुढच्या वर्षासाठी एक नाव लिहून ठेवा, 'नेव्हरमूर'. ऑस्ट्रेलियाच्या जेसिका टाउनसेंडचं, पहिला भाग २०१७. मॉरिगन क्रो ही मुलगी तिच्या गावात आपल्याकडे म्हणतात तशी पांढऱ्या पायाची. कुणाचं काही बिघडलं, पाय मोडला, गारा पडल्या, की हिच्यामुळे, आणि बिचारी सगळ्यांना माफीची पत्रं लिहीत बसते. अकराव्या वाढदिवसाला ती मरणार असं ठरलेलंच आहे, आणि त्याच रात्री लाल केसांचा एक माणूस येऊन तिला पळवून नेतो अशा एका शहरात जिथे हत्तीएवढ्या मांजरीच्या हाताखाली हॉटेलची साफसफाई चालते आणि लोक धावत्या गाडीला छत्रीची मूठ अडकवून लटकत प्रवास करतात. मुंबईकराला यात नवीन काय म्हणा! भाषा खुसखुशीत आहे, चॅप्टर मात्र लांब, त्यामुळे तिच्या कानांची आणि तुमच्या घशाची तयारी झाल्यावर.

मराठीत अशी आजच्या काळातली पाच-सात भागांची जादूची सिरीज मला पाहिजे तशी सापडत नाही, हे म्हणताना बरं वाटत नाही पण आहे ते आहे. रोजच्या रोज मराठी कानावर पडावं म्हणून मधल्या दिवसांत बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत ते उघडा, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी आहेत. कवितेत जादू चालणार असेल तर विंदांचा 'एटू लोकांचा देश' मोठ्याने वाचून बघा, एक भाग संपला आणि दुसरा अजून आला नाही अशा रात्रीला उत्तम.

प्रश्न : चि. ताईस अनेक आशीर्वाद. मी निवृत्त शिक्षक, वय ७१, सांगलीस असतो. नातू ९ वर्षांचा, न्यू जर्सीला. रोज व्हिडिओ कॉल होतो पण दोन मिनिटांत 'आबा बाय' म्हणून तो पळतो. सूनबाई म्हणाली तुम्ही त्याला गोष्ट वाचून दाखवा. त्याला मराठी समजते, बोलतो मोडके. मला इंग्रजी वाचता येते पण त्या अमेरिकन उच्चारांची धास्ती वाटते, तो हसतो. त्याला ड्रॅगन, जादू असलेच हवे आहे. काय वाचावे? – आबा

उत्तर : आबा, नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला तर तुमच्याकडेच शिकायला बसावंसं वाटलं.

पहिला उपाय असा की एकच पुस्तक दोघांकडे, त्याच्याकडे इंग्लिश आणि तुमच्याकडे मराठी. आधीच्या ताईंना मी नको म्हटलं तेच हॅरी पॉटर तुमच्या नातवाला ९व्या वर्षी बरोबर बसेल, आणि त्याचं मराठी भाषांतर मंजुल प्रकाशनाने काढलंय, 'हॅरी पॉटर आणि परीस'. परीस! इंग्लिशमधला तो 'फिलॉसॉफर्स स्टोन' (अमेरिकेत तर 'सॉर्सरर्स स्टोन' करून टाकलंय) त्याला समजावून सांगायला बाप मिनिटभर अडखळेल, तुम्ही लोखंडाचं सोनं करणारा परीस म्हणालात की झालं. तुम्ही मराठीतून वाचा, तो त्याच्या पुस्तकात बोट ठेवून मागोमाग येईल, आणि 'आबा तुम्ही एक लाइन सोडली' म्हणून पकडेल. त्याला पकडायला आवडेल. अधूनमधून मुद्दाम सोडा.

त्यातला हॅग्रिड नावाचा धिप्पाड दाढीवाला आहे, तो मूळ इंग्लिशमध्येसुद्धा इंग्लंडच्या पश्चिमेकडची गावरान बोली बोलतो. त्यामुळे तुम्ही त्याला खुशाल आपल्या सांगलीकडचा करा, 'आरं तू जादूगार हाईस की' असा. यात पुस्तकाशी बेइमानी काही नाही. उलट उच्चारांची भानगडच मिटली, तिथे हसायचं असेल तर तुमच्या ठरवण्याने हसेल.

दुसरं सुचवते ते मुद्दाम तुमच्यासाठी. रोशनी चोक्शी ही अमेरिकेतली लेखिका, तिची 'अरु शाह' ही ५ भागांची सिरीज, २०१८ ते २०२२. अटलांटातल्या म्युझियममध्ये राहणारी १२ वर्षांची अरु, शाळेतल्या पोरांसमोर फुशारकी मारायला म्हणून एक शापित दिवा लावते आणि त्यातून असुर सुटतो. मग कळतं की ही म्हणजे पांडवांपैकी एकाचा पुनर्जन्म, अर्जुनाचा, इंद्राची मुलगी. आणि तिच्यासोबतची मिनी, जंतूंना घाबरणारी, सतत औषधांची पिशवी घेऊन फिरणारी, ती युधिष्ठिराची. पांडव मुली झाल्यात म्हणून रागावू नका आबा. पुस्तक त्याला त्याच्या घरी वाचू दे, तुम्ही फोनवर मूळ गोष्ट सांगायची. इंद्राने कवचकुंडलं कशी मागून घेतली, यक्षाने युधिष्ठिराला काय विचारलं. तुमच्याकडे जे आहे ते त्या पुस्तकात नाहीये, आणि ते त्याला आपणहून पाहिजे होईल कारण पुढच्या चॅप्टरमध्ये कामाला येणारे. दोन मिनिटांत बाय म्हणणारा पोरगा मग 'आबा ब्रह्मास्त्र नक्की कसं चालतं' विचारेल.

तिसरं, सायंतनी दासगुप्तांचं 'द सर्पंट्स सीक्रेट', २०१८, तीन भागांतलं पहिलं. किरणमाला नावाची मुलगी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला राहते, आईवडिलांचं छोटं दुकान, आणि तिच्या बाराव्या वाढदिवसाला आईवडील गायब आणि स्वयंपाकघरात लाळ गाळणारा राक्षस हजर. यातले राक्षस, बोलणारे पक्षी, राजपुत्र सगळे बंगाली लोककथांतले, दक्षिणारंजन मित्र मजुमदारांनी १९०७ साली 'ठाकुरमार झुली' म्हणजे आजीची झोळी या पुस्तकात गोळा केलेले. नातू ज्या रस्त्याने शाळेत जातो तिकडेच राक्षस आलाय म्हटल्यावर कान टवकारणारच. कोड्यांची रेलचेल आहे, त्याला प्रत्येक कोड्याला आपला एक उखाणा किंवा हुमाण उलटं घाला.

वेळेचं सूत्र लिहून ठेवा. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा, कारण मार्च आणि नोव्हेंबरात तिकडे घड्याळं सरकवतात. तुम्ही सकाळी साडेसहाला बसलात तर त्याच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ किंवा आठ. म्हणजे तुमचा पहिला चहा आणि त्याची झोपायची वेळ, याहून चांगला मेळ कुठे बसणार. पंधरा मिनिटंच वाचा, आणि कॅमेरा स्वतःच्या तोंडावर न ठेवता पुस्तकावर ठेवून बघा, मुलं चेहऱ्याकडे बघून कंटाळतात हो, आवाजाला नाही कंटाळत.

प्रश्न : 'हाऊ टु ट्रेन युअर ड्रॅगन'चे सगळे सिनेमे मुलाने पाठ केलेत. मग पुस्तकं आणून काय उपयोग? गोष्ट तर माहितीच आहे. – ठाण्याची मावशी (भाच्याला वाढदिवसाला द्यायचंय!)

उत्तर : मावशी, डोळे मिटून आणा, कारण गोष्ट माहिती नाहीचे. २०१०च्या सिनेमाने पुस्तकातून नावं घेतली आणि बाकी सगळं बदललं. सिनेमातला टूथलेस म्हणजे काळा, भला थोरला, सगळ्यांत भारी ड्रॅगन. क्रेसिडा कॉवेलच्या पुस्तकातला टूथलेस एवढुसा, सर्वसाधारण जातीचा, खरोखरच दात नसलेला, आणि कमालीचा हट्टी नि लाडावलेला. त्यावर स्वारी वगैरे विसराच. आणि ड्रॅगन बोलतात, त्यांची भाषा हिकपला, म्हणजे गोष्टीतल्या नायकाला, येते पण बापाला कळलं तर खैर नाही म्हणून तो लपवतो. तुमचा भाचा पहिल्या दहा पानांत भांडायला उठेल की हे चूक आहे, तेवढ्यावरच पुस्तक वाचून होतं.

२००३ ते २०१५, एकूण १२ भाग. लेखिका लहानपणी स्कॉटलंडजवळच्या एका निर्जन बेटावर सुट्ट्या घालवायची तिथून हे आलंय. चित्रं शाईचे डाग पाडून काढल्यासारखी, नावं इतकी घाण आहेत की वाचताना तुम्हालाच हसू आवरणार नाही. वर मी नावं इंग्लिशच ठेवा म्हटलं, पण ही नको. स्नॉटलाउटचं शेंबड्या करा. एक मात्र, पुढचे भाग, साधारण आठव्यापासून, बरेच गंभीर होत जातात आणि एकमेकांत अडकलेले आहेत, तेव्हा दुकानात मिळाला तो भाग उचलला असं करू नका. किलोवर पुस्तकं मिळतात त्या प्रदर्शनांत तर नियमच आहे, चौथा भाग सात प्रती आणि पहिला कुठेच नाही. वाढदिवसाला १ आणि २ द्या, बाकीचे आईबाबांच्या खिशातून येतील.

प्रश्न : माझा मुलगा १० वर्षांचा, मुलगी ६. मुलगा स्वतः भराभर वाचतो, सध्या 'विंग्ज ऑफ फायर'ने झपाटलाय. मी दोघांना रात्री वाचून दाखवतो. आई म्हणते घोडा झालाय तो, आता कशाला त्याला वाचून दाखवतोस. खरंच थांबवायचं का? आणि दोघांना एकत्र चालेल असं काही आहे का? – एक बाबा, फोंडा

उत्तर : नका थांबवू. घोडा स्वतःहून उठून जाईल तेव्हा जाईल.

'विंग्ज ऑफ फायर' त्याला त्याचं त्यालाच वाचू द्या. तुई सदरलंडची ही सिरीज २०१२ पासूनची, पाच-पाच भागांचे पहिले तीन संच, जवळपास सगळी पात्रं ड्रॅगनच, आणि मारामारी भरपूर. सहा वर्षांच्या मुलीसमोर मोठ्याने वाचायचं हे पुस्तक नाही, पहिल्या काही पानांतच कळेल का ते. शिवाय इतके ड्रॅगन आणि इतक्या जाती की वाचणाऱ्याला वंशावळ भिंतीवर लावावी लागते. तुमच्या मुलाला ती पाठ असेल, त्याला विचारा, अर्धा तास बोलेल.

तुमच्या आईंना मात्र एक गोष्ट सांगा. रिक रिऑर्डन म्हणून टेक्सासचे एक शाळामास्तर, त्यांच्या मुलाला वाचायचा भयंकर कंटाळा, त्याला डिस्लेक्सिया (अक्षरं वाचायलाच अडचण) आणि एडीएचडी (एका जागी लक्ष न टिकणं) दोन्ही होतं, पण शाळेत ग्रीक देवांच्या गोष्टी आल्या त्या तेवढ्या त्याला आवडायच्या. म्हणून बाप रोज रात्री झोपताना त्याच गोष्टी सांगायचा. सांगून सांगून संपल्या. मुलगा म्हणाला मग नवीन बनवा. तेव्हा त्यांनी डिस्लेक्सिया आणि एडीएचडी असलेलाच एक पोरगा नायक केला, समुद्रदेवाचा मुलगा, आणि मुलानेच मागे लागून ते लिहून काढायला लावलं. तो पर्सी जॅक्सन, २००५ साली पहिला भाग आला, पहिली पाच पुस्तकं २००९पर्यंत. हे अख्खं प्रकरण निघालंय ते रात्री गोष्ट सांगण्यातून. तुमच्या मुलाला हेच वाचून दाखवा, पर्सी स्वतःच बोलतोय अशी भाषा असल्याने वाचायला मजा येते आणि चॅप्टरची नावं तर इतकी वात्रट की नुसती नावं वाचली तरी दोघं हसतील.

दोघांना एकत्र बसवायचं तर वर सांगितलेला 'वाइल्ड रोबॉट' पहिला, आणि शेंबड्याचं पुस्तक दुसरं. पण रोज एकत्रच पाहिजे असा हट्ट नको. माझ्या बहिणीकडे पद्धत आहे, आधी पंधरा मिनिटं धाकटीचं पुस्तक, थोरला तिथेच लोळत असतो आणि 'मला नाय ऐकायचं' म्हणत सगळं ऐकतो, मग ती झोपली की थोरल्याचा एक चॅप्टर. आठवड्यातून एक दिवस थोरल्याने धाकटीला वाचून दाखवायचं, त्याला 'ड्रॅगन मास्टर्स' चांगलं, आणि त्या दिवशी तुम्ही मध्ये उच्चार सुधारायला जायचं नाही.

थोरल्याचा पर्सी संपला की कोर्नेलिया फुंकेचं 'इंकहार्ट' आणा, मूळ जर्मन, २००३चं. त्यात पुस्तकं बांधणारा एक बाप आहे, मो. त्याचा आवाज असा की तो मोठ्याने वाचायला लागला की पुस्तकातली माणसं बाहेर येतात, आणि बदल्यात इकडचं कुणीतरी आत जातं. मुलगी लहान असताना एका रात्री वाचता वाचता खलनायक बाहेर आले आणि तिची आई आत गेली. त्या दिवसापासून त्याने मुलीला एकदाही काही वाचून दाखवलेलं नाही, आणि तिला कारण माहीत नाही. हे तुम्ही बापाने मोठ्याने वाचायचं म्हणजे काय होईल विचार करा. प्रत्येक चॅप्टरच्या वर दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकातला उतारा दिलाय, रात्री तो सोडून द्या, नाहीतर गोष्ट सुरू व्हायच्या आधीच झोप लागते. जाड आहे, दोन-तीन महिने पुरेल. आणि दार लोटून घ्या, धाकटी जागी असते बरं का, डोळे मिटून.